दोन पॉइंट दोन

—फडकं गुंडाळा मिस्त्री, आधी फडकं गुंडाळा त्या नळीच्या तोंडाभोवती. आता तुम्हाला मी काय शिकवणार म्हणा, तुम्ही दिवसाला दहा गाड्या उघडता, पण त्या नळीत पेट्रोल दाबाखाली असतं, टोपी फिरवली की सरळ अंगावर येतं — माझ्या आलं होतं, म्हणून राहवत नाही. पंपाचा फ्यूज काढलात? आणि गाडी चालू ठेवून आपोआप बंद पडू दिलीत? हां, मघाशी ती घरघरून गेली ते तेच होय. बरोबर. म्हणजे नळीतला दाब उतरला. हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं — म्हणजे व्हिडिओत होतं सगळं, मी तो चार वेळा पाहिला होता, वहीत टिपणं काढली होती, खाली लाल पेनाने रेघा मारल्या होत्या, फक्त फ्यूज काढायचा भाग आला की नेमकी दारावरची बेल वाजायची. चारही वेळा? नाही, चारही वेळा नाही. एकदाच वाजली. बाकी तीन वेळा मी तो भाग पुढे सरकवला, कारण मला वाटलं, हे काय, हे तर आपल्याला येतंच.

येतंच म्हणजे — मी काय काम करायचो ते तुम्हाला ठाऊक नाही. ऐकलंत तर हसाल. गेज तपासायचो. एकतीस वर्षं. कारखान्यात जिथे जिथे म्हणून वाफ होती, हवा होती, तेल होतं, तिथला प्रत्येक प्रेशर गेज सहा महिन्यांतून एकदा माझ्या टेबलावर यायचा. मी तो आमच्या खात्रीच्या गेजशेजारी बसवायचो, दोघांना सारखाच दाब द्यायचो, काटे जुळले की चिठ्ठी चिकटवायचो — तारीख, सही. जुळले नाहीत तर लाल चिठ्ठी, आणि मग मोठ्या साहेबांची काय बिशाद तो गेज परत लावायची. निवृत्तीच्या समारंभात मॅनेजर म्हणाले, यांना चहासुद्धा दाब मोजून लागतो. लोक हसले, मीही हसलो. घरी आल्यावर आमची ही म्हणाली, त्यात खोटं काय आहे? तर असा माणूस मी. आणि निवृत्त झाल्यावर मला मोजायला घरात उरलं काय — तर ही गाडी. आमच्या हिचं ब्लड प्रेशर मोजायला मशीन घेतलं होतं, ते हिने शेजाऱ्यांना देऊन टाकलं.

काय म्हणालात? काही नाही? मला वाटलं काहीतरी म्हणालात. तुम्ही कमी बोलता, बरं आहे. आमचा जावईही असाच, तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणावं तर उलट, तोंडच उघडत नाही. आता तुमच्या मनात आलं असेल की जावई गॅरेजवाला असताना ह्यांनी मला का बोलावलं — तुम्हाला कुणी सांगितलं जावई गॅरेजवाला आहे म्हणून? मीच सांगितलं? हां, आत्ताच बोलून गेलो होय. असू दे. आहे गॅरेजवाला. इथून तिसऱ्या गल्लीत, वळणावर, निळं शटर. तुम्हाला माहीत असणारच, एकाच धंद्यातले तुम्ही. हात चांगला आहे हो त्याचा. हे मी आज म्हणतोय. सात महिन्यांपूर्वी म्हटलं असतं तर आज तुमची खेप वाचली असती.

झालं असं की गाडी पुलावर बंद पडली. भर पुलावर, ही शेजारी बसलेली, मागून हॉर्नवर हॉर्न. मी बॉनेट उघडून आत बघत उभा — आत काय बघत होतो ते मला विचारू नका, माणसाने अशा वेळी काहीतरी बघत असल्यासारखं दिसावं लागतं. हिने जावयाला फोन केला. तो वीस मिनिटांत दोरखंड घेऊन हजर. गाडी ओढून नेली, टाकीतला पंप गेला होता, नवा घातला, संध्याकाळी गाडी दारात आणून उभी केली. जुना पंप खोक्यात घालून दाखवायला आणला होता — बाबा, हा गेलेला, नवा आत आहे. मी मान डोलावली. तीन आठवडे गाडी इतकी छान चालली की माझा वेळ जाईना. मग एका रविवारी मीच बसलो तिची हवेची जाळी साफ करत. कुणी सांगितलं नव्हतं. जाळी काढली, झटकली, बसवली, स्वतःवर खूश झालो. आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी उचक्या देऊ लागली. पाय दाबला की हुंऽऽक, थोडं थांबून हुंऽऽक. आता शहाण्या माणसाने काय म्हटलं असतं? काल आपण काय हात लावला ते बघू, असं म्हटलं असतं. मी म्हणालो, पंप.

मग बाजारातून हा गेज आणला. लाल पेटी बघा ना, नळ्या, जोड, सात निरनिराळे नट, त्यातला एकच लागतो, पण सातही मी रोज पुसायचो. ह्याच जागी, ह्याच पार्किंगात, सकाळी दहाला, शर्टाच्या बाह्या दुमडून. वरच्या गॅलऱ्यांतून दोघं-तिघं बघतायत हे मला माहीत होतं, म्हणून जरा जास्तच दुमडल्या. टोपी फिरवली आणि पेट्रोल आलं ते थेट चष्म्यावर. मिशीत, कॉलरमध्ये, तोंडातसुद्धा गेलं. मी असा मागे उडालो की — ते जाऊ दे. वरून दोन बायका ओरडल्या, गॅस बंद करा, गॅस बंद करा, काका पेटतील. पेटलो नाही. घरात गेलो तर हिने दारातच थांबवलं, बादली बाहेर आणून दिली. दोन दिवस अंगाला वास येत होता, मी बाहेरच्या खोलीत झोपलो. पण गेज लावला मी, सोडला नाही. चावी फिरवली, पंप दोन सेकंद घुमला, काटा चढला आणि थांबला. दोन पॉइंट दोन. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय? तीन. पुन्हा केलं — दोन पॉइंट दोन. वहीत लिहिलं, तारीख, वेळ, सही. सही कशाला केली देव जाणे, सवय.

तुम्ही जोड बसवा तुमचा, मी बोलतोय म्हणून थांबू नका. एकाच नळीवर दोन्ही गेज, बरोबर ना, एक तुमचा, एक माझा? तेच हवंय मला. उगाच मेहनत वाटेल तुम्हाला, पण तेच करायला बोलावलंय.

तर ती वही आणि हा गेज घेऊन मी गेलो जावयाच्या गॅरेजवर. घरी बोलावून सांगता आलं असतं. फोनवर सांगता आलं असतं. नाही. शनिवार सकाळ, गॅरेज भरलेलं, पाच-सहा गिऱ्हाइकं उभी, आणि मी गेज हातात धरून म्हणालो — शब्द आठवतात मला, विसरावेत म्हटलं तरी विसरत नाहीत — म्हणालो, जावईबापू, नवा पंप तीनचा दाब देतो, तुमचा दोन पॉइंट दोन देतोय, म्हणजे हा नवा नाही, कुणाचातरी जुना धुऊन-पुसून घातलाय, आणि सासऱ्याला असं करता तर बाकीच्यांचं काय करत असाल. हसत हसत म्हणालो, वर. त्याला बाजूला घेऊन नव्हे, पाना हातात असताना. त्याने पाना खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, बाबा, एकदा गेज तपासून घ्या. बस, एवढंच. आणि माझं डोकं फिरलं. मला. गेज तपासून घ्या. एकतीस वर्षं ज्याने हजारो गेज तपासले त्याला हा कालचा पोरगा सांगतो गेज तपासून घ्या. मी काय काय बोललो त्यापुढचं मी तुम्हाला नाही सांगणार. ते मी हिलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

लेक त्या दिवसापासून घरात आलेली नाही. सात महिने. ती आली, सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिली, हिला खाली बोलावून घेतलं, बोलली आणि गेली — अशी तीनदा. मी गॅलरीतून बघतो. नात चार वर्षांची आहे, ती आजीशी फोनवर बोलते. मी शेजारी बसतो, पेपर वाचल्याचं दाखवतो. परवा ती म्हणाली — फोन स्पीकरवर होता — आजी, आजोबांची गाडी मोजून झाली का? बाबा म्हणाले, आजोबांची गाडी मोजून झाली की आपण जाऊ. आता बघा, त्याने पोरीला हे सांगितलं. चोर म्हणालो मी त्याला चारचौघांत आणि त्याने पोरीला काय सांगितलं, तर आजोबा गाडी मोजतायत. मला रडू आलं मिस्त्री. खरंच आलं. पेपर तोंडासमोर होता म्हणून बरं.

आणि त्या दिवशी उभ्या असलेल्यांत एक टॅक्सीवाले होते, चार गाड्यांचे मालक, जाड चष्मा, हात मागे बांधून उभे राहतात. माझं बोलणं संपेपर्यंत ते तिथे होते, संपल्यावर नव्हते. त्यांच्या चारही गाड्या आता — तुमच्याकडे येतात ना? मला माहीत आहे. मी बघितल्यात तुमच्या दारात उभ्या. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. गावात मिस्त्री काय कमी आहेत? पण म्हटलं, बघायचंच तर ह्यांच्याच डोळ्यांसमोर बघू. रागावू नका. तुमचा त्यात काय दोष, गिऱ्हाईक दारात आलं तर कोण परत पाठवतं.

हे सगळं इतके दिवस मी उराशी धरून बसलो असतो, पण ही गेल्या मंगळवारी, कपडे वाळत घालता घालता, मला म्हणाली — अहो, पंप जर मेलाय तर सात महिने गाडी कशावर चालली? भाजीला गेलो, दवाखान्यात गेलो, बहिणीकडे जाऊन आलो दीडशे किलोमीटर. मेलेला पंप एवढा चालतो? मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. म्हणालो आणि आत जाऊन पलंगावर बसलो, आणि लक्षात आलं की ह्यातलं मलाच एकट्याला कळत नव्हतं.

झालं बसवून? दोन्ही घट्ट? फ्यूज परत लावलात? फडकं असू दे खाली. थांबा, चावी मी फिरवतो. माझ्या हाताने होऊ द्या. सुरू नाही करत, नुसती चावी. हां — घुमला पंप — थांबला. तुमचा किती? तुम्ही सांगू नका, मीच येतो तिकडे. चष्मा पुसू द्या.

तीन. तुमचा तीन. बरोबर तीन, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि माझा... दोन पॉइंट दोन. पुन्हा करू? पुन्हा करतो. चावी बंद, चावी चालू. तीन. दोन पॉइंट दोन. काचेवर टिचकी मारून बघू का — नाही, टिचकीने काय होणार. एकच नळी, एकच पेट्रोल, एकच दाब. पंप ठणठणीत आहे. नवा आहे. पहिल्या दिवसापासून नवा होता.

तुम्ही म्हणाल, कंपनीने खराब गेज विकला. तुम्ही भले माणूस दिसता, म्हणालही. पण पेटीत आला तेव्हा चांगला होता हो. मघाशी सांगताना मी एक गोष्ट गाळली. पेट्रोल तोंडावर आलं आणि मी मागे उडालो ना — तेव्हा गेज मडगार्डवर ठेवलेला होता. माझं कोपर लागलं. खाली पडला, ह्या इथे, ह्या सिमेंटवर. मोठा आवाज आला. वरच्या बायका गॅस गॅस करत होत्या, त्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मी उचलला, फुंकर मारली, काच शाबूत, काटा शून्यावर. म्हटलं, काही झालं नाही. आता तुम्हाला सांगतो, काट्याला शून्यापाशी एक बारीक खिळी असते, तिच्या खाली काटा जाऊच शकत नाही. आतला भाग वाकून काटा शून्याच्या खाली सरकला असेल तरी तो खिळीला टेकून बसतो आणि तुम्हाला शून्यच दिसतं. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. शून्य दिसलं म्हणून गेज चांगला समजू नका — ह्याच शब्दांत.

आणि दुसरा नियम होता आमच्या खोलीत. पडलेला गेज लपवायचा नाही. दिसायला कितीही धड असो, पडला की तपासणीला. एक फिटर होता, सगळे त्याला लंबू म्हणायचे, माझ्याच वयाचा, दोन मुलींचा बाप. त्याच्या हातून बॉयलरचा गेज पडला आणि त्याने गुपचूप परत लावला. मला कळलं. मी वर लिहून दिलं. पंधरा दिवस घरी बसवलं त्याला. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, साहेब, सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांसमोर ओरडला असता, म्हणून नाही सांगितलं. मी म्हटलं, ओरडलो असतो तर तुझं काय गेलं असतं? मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आणि मी का लपवलं? मला कोण ओरडणार होतं? साहेब नाही, कारखाना नाही. वर गॅलरीत दोन बायका आणि आत ही. नाक्यावरच्या टायरवाल्याकडे जाऊन त्याच्या हवेच्या मशीनवर, त्याच्या गेजशेजारी लावला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. सात महिन्यांत मी त्या टायरवाल्यासमोरून रोज गेलोय मिस्त्री, रोज, दूध आणायला, आणि दर वेळी पलीकडच्या फुटपाथवरून. मग मला माहीत होतं का? माहीतच असणार. नाहीतर फुटपाथ कशाला बदलतो माणूस.

हिला तेवढं पडल्याचं बोलू नका. मी सांगेन माझ्या पद्धतीने.

काय करताय? ती हवेची नळी? ती कशाला — हं. हलतेय. बोटाने हलतेय की. आणि हा पट्टा सैलच आहे, स्क्रूच आवळलेला नाही. मीच. जाळी साफ केली तेव्हा मीच काढली होती ती नळी. खूश झालो होतो ना, म्हणून आवळायचं राहिलं. म्हणजे तिथून फुकटची हवा आत जातेय आणि म्हणून उचक्या. एका स्क्रूड्रायव्हरचं काम. आवळलात? एवढंच? सुरू करून बघा. पाय दाबा. आणखी दाबा. नाही देत उचकी. वा. त्या दिवशी त्याच्या हातात गाडी दिली असती, नुसती दिली असती, काही न बोलता, तर त्याने हे उभ्या उभ्या केलं असतं आणि आम्ही चहा प्यायलो असतो.

काढा ते दोन्ही गेज, टोपी लावून टाका. आता फोन करावा म्हणतो. जावईबापू, गेज चुकीचा होता — असं. नाही, असं नको, त्यात माझं काहीच आलं नाही, सगळं गेजचं आलं. माझ्या हातून पडला, मी लपवला आणि तुम्हाला चोर ठरवलं — हे फोनवर कसं बोलतात? आणि फोनवर बोललो तर ऐकणार तो एकटा. बोललो तेव्हा पाच-सहा जण होते. आज वार काय? शनिवारच आहे. साडेअकरा. गॅरेज भरलेलं असेल. तुम्ही येता का बरोबर? म्हणजे तुमचा गेज दाखवायला, म्हणजे लोकांना — नाही. नका येऊ. परत आकडाच दाखवायला लागलो मी. त्या टॅक्सीवाल्यांनाही मीच सांगेन, तुम्ही कशाला सांगाल, तुमचं गिऱ्हाईक आहे ते. चार गाड्या जातील तुमच्या, वाईट वाटतंय, पण जातील तर जाऊ द्या.

काय? मागे काय बघताय?

...कधीपासून उभी आहेस?

वरून ऐकू येतं होय सगळं. हो, पार्किंग आहे, घुमतं. पडल्याचंही... बरं. बरं. अगं, मी तुला सांगणारच —

चपला घातल्यात तिने. चावी आतच आहे का मिस्त्री? आहे. बसली बघा. मागे का बसलीस गं, पुढे ये ना... मागेच बसते म्हणतेय. येताना पुढची जागा लेकीला लागेल म्हणतेय.

सरका मिस्त्री जरा बाजूला, गाडी काढू द्या.